‘सरकारने बाजूला व्हावे, शोध आपोआप लागतील’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या धोरणाविषयी एक मांडणी सध्या मोठ्या आत्मविश्वासाने केली जाते आणि तितक्याच उत्साहाने पुढे पाठवली जाते. ती थोडक्यात अशी : मोठे शोध लावले ते जिद्दी उद्योजकांनी आणि खासगी कंपन्यांनी, सरकारी पैशावर चालणारे मूलभूत संशोधन ही उधळपट्टी आहे, नियम आले की नवे काही करण्याची उमेद मरते, पेटंट जितके भक्कम तितके शोध अधिक, तंत्रज्ञान स्वतः तटस्थ असते, बरेवाईट ठरते ते वापरणाऱ्यामुळे, यंत्रांमुळे सुरुवातीला काही जणांना झळ बसली तरी लाभ आपोआप सर्वांपर्यंत झिरपतो, आणि संशोधन कोणत्या दिशेने जावे हे बाजाराइतके कुणालाच कळत नाही. म्हणून सरकारने बाजूला व्हावे, हेच एकमेव शहाणे विज्ञानधोरण, असा तिचा निष्कर्ष आहे.

ही मांडणी सरसकट खोटी नाही, आणि म्हणूनच ती खोडून काढायला कष्ट पडतात. कारखाना उभारणे, वस्तू स्वस्त करणे, ती कोट्यवधी लोकांच्या हाती पोचवणे ही कामे खासगी उद्योगाने केली आहेत आणि ती सोपी नाहीत. सरकारी कार्यालयांत फायली अडून राहतात, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका अर्धसत्याला दुसरे अर्धसत्य जोडत जोडत जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे, आणि तो मान्य झाला तर त्याची किंमत अशा माणसांना मोजावी लागते ज्यांच्यापाशी खरेदीची ताकदही नाही आणि धोरण ठरवणाऱ्यांच्या बैठकीत बसायला जागाही नाही.

मोठे शोध खासगी उद्योगानेच लावले, यासाठी हमखास स्मार्टफोनचा दाखला दिला जातो. तो दाखला नीट उलगडून पाहावा. फोन ज्या जाळ्याला जोडलेला असतो त्या इंटरनेटचा पाया आर्पानेटने घातला. त्याला पैसा पुरवला होता अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, आणि त्यावरून पहिला संदेश गेला तो २९ ऑक्टोबर १९६९ रोजी. वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत मांडली. ही प्रयोगशाळा अनेक देशांच्या सरकारी वर्गणीवर चालते, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी तिने वेबचे तंत्र कोणताही मोबदला न घेता सर्वांसाठी खुले केले. वाट दाखवणारी जीपीएस यंत्रणा हा १९७३ मध्ये सुरू झालेला लष्करी प्रकल्प. नागरी वापरासाठी तिची अचूकता मे २००० पर्यंत मुद्दाम कमी ठेवलेली होती आणि ती अट उठली ती सरकारी निर्णयाने. चिपचा शोध मात्र खरोखर खासगी कंपन्यांतला. जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस यांनी तो १९५८-५९ मध्ये लावला. पण त्या वेळी ही चिप इतकी महाग आणि इतकी बेभरवशाची होती की बाजारात तिला गिऱ्हाईक नव्हते. सुरुवातीच्या काळातील जवळजवळ सगळे उत्पादन क्षेपणास्त्रांसाठी आणि अपोलो यानाच्या संगणकासाठी सरकारने विकत घेतले, आणि त्या खात्रीच्या मागणीवर कारखाने हात बसवू शकले, किंमत उतरली, मग बाजार आला.

यावर असे म्हटले जाते की सरकार नसते तरी कुणीतरी हे केलेच असते. तसे करण्याची संधी खासगी क्षेत्राला मिळाली होती. संदेशाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या वाटांनी पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा जोडायचे, ही इंटरनेटच्या मुळाशी असलेली कल्पना पॉल बारन यांनी १९६० च्या दशकात मांडली, तेव्हा दूरध्वनीची मक्तेदारी असलेल्या अमेरिकी कंपनीच्या अभियंत्यांनी ती चालणार नाही म्हणून झिडकारली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चालत्या धंद्याला सुरुंग लावणारी कल्पना त्याच धंद्याने पैसा घालून वाढवावी, ही अपेक्षाच गैर आहे. सार्वजनिक पैशाची गरज नेमकी अशा ठिकाणी असते.

मूलभूत संशोधन ही उधळपट्टी आहे, या दुसऱ्या मुद्द्यापाशी मला जरा थांबावेसे वाटते, कारण तो ऐकायला फार पटणारा आहे. उकळत्या झऱ्यातले जंतू मोजण्यावर लोकांचा पैसा का घालावा? १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यांपाशी नेमके हेच करीत होते, आणि त्यांना पैसा सरकारी विज्ञान प्रतिष्ठानाचा होता. एवढ्या उष्णतेत काही जगू शकते असे तेव्हा फारसे कुणी मानत नव्हते. ब्रॉक आणि त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी अशा झऱ्याच्या पाण्यातून एक जिवाणू वेगळा काढला आणि १९६९ मध्ये त्याचे वर्णन ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ या नावाने प्रसिद्ध केले. त्याचा उपयोग काय, असे तेव्हा कुणी विचारले असते तर देण्यासारखे उत्तर नव्हते. पुढे १९८३ मध्ये कॅरी मलिस या खासगी कंपनीतील रसायनशास्त्रज्ञाला डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती सुचली. हीच पीसीआर. तिच्यात डीएनएचे दोन धागे सुटे करण्यासाठी मिश्रण दर फेरीला ९५ अंश सेल्सियसच्या आसपास तापवावे लागते, आणि त्या उष्णतेने प्रती तयार करणारे नेहमीचे विकर (एन्झाइम) निकामी होते. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर नळीत नवे विकर घालत बसावे लागे. यलोस्टोनच्या जिवाणूचे विकर त्या तापमानाला टिकते. ते नळीत एकदा घातले की तीस-चाळीस फेऱ्या यंत्र एकटे करू लागले. गुन्ह्याचा तपास, आनुवंशिक रोगांचे निदान, आणि २०२० नंतर जगभर झालेल्या कोविडच्या चाचण्या या सगळ्यांच्या मुळाशी तो गरम झरा आहे.

येथे खासगी कंपनीचे श्रेय निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच आहे की ती कंपनी १९६६ मध्ये झऱ्यावर माणूस पाठवू शकली असती का. नसती, आणि याचे कारण अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये व केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये स्पष्ट करून ठेवले आहे. मूलभूत ज्ञानाचा लाभ कुणाला, कधी आणि कोणत्या रूपात होईल हे आधी सांगता येत नाही, आणि झाला तरी तो खर्च करणाऱ्यापुरता राहत नाही. म्हणून नफ्यातोट्याचा हिशेब चोख ठेवणारी कंपनी त्यावर समाजाच्या दृष्टीने पुरेसा खर्च कधीच करणार नाही, आणि ती असे वागते तेव्हा तिचे काही चुकत नसते.

सार्वजनिक अनुदानाची व्यवस्था निर्दोष आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. एमआरएनए लसींचा पाया घालणाऱ्या कातालिन कारिको यांचे अनुदानाचे अर्ज वर्षानुवर्षे नाकारले गेले आणि १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणले. ड्रू वाइसमन यांच्यासह त्यांनी केलेले निर्णायक काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, नोबेल मिळाले २०२३ मध्ये. तज्ज्ञांच्या समित्या रूढ कल्पनांना झुकते माप देतात, ही तक्रार खरी आहे. परंतु तिच्यावरचा उपाय म्हणजे अनुदानाच्या वाटा वाढवणे, एकाच समितीच्या हाती सगळे न देणे, आणि चाकोरीबाहेरच्या प्रश्नांसाठी राखीव निधी ठेवणे. विहिरीला पाणी कमी लागले म्हणून ती बुजवून टाकत नाहीत.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे, कारण त्यात माणसांचे जीव गेले आहेत. सोव्हिएत संघात सरकारने आनुवंशशास्त्रच नाकारणाऱ्या लायसेन्को या कृषितज्ज्ञाच्या बाजूने कौल दिला, १९४८ मध्ये आनुवंशशास्त्रावर अधिकृत बंदीच आली, आणि त्याआधी निकोलाय वाविलोव यांच्यासारखा जगन्मान्य वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावला. सरकारने विज्ञानात हात घातला की असे होते, असे म्हणणाऱ्यांना मी हलक्यात घेत नाही. फक्त येथे दोन गोष्टींची गल्लत होते. कोणत्या प्रश्नांवर संशोधन व्हावे आणि त्यासाठी किती पैसा द्यावा, हे लोकांच्या प्रतिनिधींनी ठरवणे वेगळे. त्या प्रश्नांची उत्तरे काय निघावीत हे सत्तेने ठरवणे वेगळे. लायसेन्कोप्रकरण दुसऱ्या प्रकारचे आहे. त्यापासून संरक्षण मिळते ते संशोधकांच्या स्वायत्ततेमुळे आणि खुल्या चिकित्सेमुळे, आणि खासगी मालकाच्या प्रयोगशाळेतही नकोसा निष्कर्ष दाबला जाऊ शकतो, हे पुढच्याच उदाहरणात दिसेल.

नियमांमुळे नवे शोध खुंटतात, हा तिसरा मुद्दा. शिसे मिसळलेल्या पेट्रोलची हकिकत या मुद्द्याची चांगली परीक्षा घेते. इंजिनातले ठोके बंद करण्यासाठी शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये घालण्याची युक्ती थॉमस मिजली यांनी एका मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत १९२१ मध्ये शोधली आणि १९२३ मध्ये ते पेट्रोल विक्रीला आले. शिसे विषारी आहे ही नवी माहिती नव्हती. अल्कोहोल मिसळूनही ठोके कमी होतात हे त्याच संशोधकांना ठाऊक होते. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही त्यानंतर कित्येक दशके उद्योगाच्या पैशावर काम करणारे तज्ज्ञच या विषयातले अधिकारी मानले जात होते, आणि धोका सिद्ध झालेला नाही हे त्यांचे पालुपद होते. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये माणसांच्या शरीरात शिशाचे प्रमाण नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढले असल्याचे दाखवले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, मोटारींसाठीच्या अशा पेट्रोलची विक्री थांबली ती २०२१ मध्ये. तोवर जवळजवळ शंभर वर्षे मुले ते शिसे श्वासावाटे घेत होती, आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही.

बाजाराने हे का सुधारले नाही? कारण ज्याच्या फुप्फुसात शिसे जात होते तो त्या व्यवहारात गिऱ्हाईकही नव्हता आणि विक्रेताही नव्हता. बदल घडवला तो नियमाने, आणि त्या नियमातून नवा शोध पुढे आला. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या धुरातील काही घातक घटक ९० टक्क्यांनी घटवण्याची अट घातली. हे अशक्य आहे, असे मोटार उद्योग निक्षून सांगत होता. मुदती थोड्या वाढल्या, हे खरे. पण १९७५ च्या नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक उपकरण आले, आणि शिशामुळे ते उपकरण खराब होत असल्याने बिनशिशाचे पेट्रोल अपरिहार्य झाले. ओझोनच्या थराचेही तसेच. शीतकरणात वापरल्या जाणाऱ्या सीएफसी वायूंमुळे या थराला असलेला धोका मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सांगितला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे छिद्र जाहीर झाले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, आणि शीतकरणासाठी पर्यायी वायू शोधण्याच्या कामाला खरा वेग आला तो बंदीची तारीख ठरल्यावर.

काही नियम वाईट असतात, हे मान्यच आहे. जुन्या, बड्या कंपन्यांना नव्या स्पर्धकांपासून वाचवण्यासाठीच केलेले परवाने मी कधी समर्थनीय मानणार नाही. पण उशीर लावणारा प्रत्येक नियम वाईट, हे म्हणताना थॅलिडोमाइड आठवावे. हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीला आले आणि गरोदर स्त्रियांना मळमळीवर निर्धास्तपणे दिले गेले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत जगभर १० हजारांहून अधिक मुले अपुऱ्या हातापायांनी जन्मली होती. अमेरिकेत ही आपत्ती बव्हंशी टळली, कारण फ्रान्सेस केल्सी या औषध प्रशासनातील अधिकाऱ्याने १९६० पासून कंपनीचा अर्ज पुराव्याअभावी वारंवार परत पाठवला. त्या वर्षभर कंपनी त्यांच्यावर कटकट्या अधिकारी म्हणून दबाव आणत होती. आजच्या भाषेत ज्याला नवोन्मेषातला अडथळा म्हणतात तो हाच.

पेटंटांविषयी थोडक्यात पुरेल. पेटंट हे धोका पत्करणाऱ्याला मिळणारे मुदतीचे बक्षीस आहे आणि औषधनिर्मितीसारख्या क्षेत्रात त्याची गरज आहे. पण ‘जितके भक्कम तितके चांगले’ हे इतिहासाला धरून नाही. १९५६ मध्ये अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी खटल्याच्या तडजोडीत बेल कंपनीला तिची सुमारे ७,८०० पेटंटे विनामोबदला खुली करायला लावली, त्यांत ट्रान्झिस्टरची पेटंटेही होती, आणि नवख्या कंपन्यांना त्या तंत्रावर पुढे काम करण्याची मोकळीक मिळाली. इन्सुलिनचे पेटंट त्याच्या संशोधकांनी १९२३ मध्ये टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. तीन जागी बांधला जाणारा मोटारीचा सुरक्षापट्टा निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने तो इतर उत्पादकांना वापरू दिला. एड्सच्या औषधांच्या बाबतीत तर २००१ च्या दोहा घोषणेत जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनाच मान्य करावे लागले की पेटंटाचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येता कामा नयेत. त्याच वर्षी सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा मूळ कंपन्यांच्या त्याच उपचाराची किंमत १० हजार डॉलरच्या वर होती. हे शक्य झाले कारण भारताच्या १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे तर बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट ठेवले होते. तो कायदा हे एक विज्ञानधोरणच होते.

तंत्रज्ञान तटस्थ असते, हे विधान तर इतके रुळले आहे की ते तपासावे असेही कुणाला वाटत नाही. बोटाला चिमट्यासारखे लावायचे ऑक्सिमीटर घ्या. महासाथीत ते घरोघरी पोचले. त्याच्या एका बाजूला दोन बारीक दिवे असतात, एक तांबड्या प्रकाशाचा, दुसरा अवरक्त प्रकाशाचा. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन आणि न घेतलेले हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. बोटाच्या पलीकडे किती प्रकाश पोचला त्यावरून उपकरण हिशेब करते आणि पडद्यावर ९४ किंवा ९६ असा आकडा दाखवते. यात कुणाचा हेतू नाही, मत नाही, पूर्वग्रह नाही. पण प्रकाशाच्या वाटेत त्वचा आहे, आणि त्वचेतले मेलॅनिनही प्रकाश शोषते. उपकरणाचा हिशेब बसवताना ज्या निरोगी स्वयंसेवकांच्या रक्ताशी तो ताडून पाहिला ते बहुतांशी गोऱ्या कातडीचे होते. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असल्याचे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळले, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. म्हणजे जिला खरोखर प्राणवायूची गरज आहे अशी व्यक्ती खाटेवर पडलेली, बोटाला चिमटा, आणि पडद्यावरचा आकडा सांगतो की सगळे ठीक आहे.

मला या उदाहरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. ही त्रुटी १९९० मध्येच एका अभ्यासात नोंदलेली होती. मधली तीस वर्षे ती कुणी लपवली नाही. ती दुरुस्त करायला भाग पाडणारे कुणी नव्हते, एवढेच. अमेरिकी औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत चाचणीतील किमान दोन व्यक्ती किंवा १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तेवढे लोक गडद त्वचेचे असावेत, एवढीच अपेक्षा होती. दहा जणांच्या चाचणीत दोन. चेहऱ्यावरून व्यक्ती स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या संगणकप्रणालींचीही हीच गोष्ट आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तपासलेल्या व्यापारी प्रणालींत उजळ पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत जात होती. वापरणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी हा फरक मिटत नाही, कारण तो वापरात नाही, घडणीत आहे. आणि घडणीत कुणाला मोजायचे आणि कुणाला वगळायचे, हा निर्णय माणसांनी घेतलेला असतो.

यंत्रांमुळे सुरुवातीला झळ बसते पण लाभ शेवटी झिरपतोच, हे सांगताना औद्योगिक क्रांतीचा हवाला दिला जातो आणि जोडीला लडाइटांना वेड्यात काढले जाते. इंग्लंडमध्ये १८११ पासून मागांची मोडतोड करणारे ते लोक यंत्र म्हणजे काय हे न कळणारे अडाणी नव्हते. ते कसलेले कारागीर होते, आणि त्यांचा राग मुख्यतः यंत्रांच्या आडून मजुरी पाडण्यावर होता. सरकार तेव्हा बाजूला झाले नव्हते, हेही लक्षात ठेवावे : १८१२ मध्ये माग मोडण्याला देहान्ताची शिक्षा ठरवणारा कायदा झाला आणि बंदोबस्ताला सैन्य पाठवले गेले. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक रॉबर्ट अ‍ॅलन यांच्या हिशेबाप्रमाणे ब्रिटनमध्ये १७८० ते १८४० या काळात दर कामगारामागचे उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढले, खरी मजुरी अवघी १२ टक्क्यांनी. साठ वर्षे म्हणजे दोन पिढ्या. पुढे मजुरी वाढली, हे खरेच. पण मधल्या काळात १८२४ मध्ये संघटनांवरची बंदी उठली होती, १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामाला लावणे बेकायदा ठरवून अंमलबजावणीसाठी चार निरीक्षक नेमले होते, १८४७ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी दहा तासांचा दिवस आला होता. लाभ झिरपला तो वाट काढून दिल्यावर. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ज्यांचे काम जाणार आहे त्यांना ‘इतिहासात शेवटी सर्वांचे भलेच झाले’ असे सांगणारा माणूस त्यांना त्यांच्या नातवंडांचे भवितव्य सांगत असतो. त्यांचा प्रश्न पुढच्या वर्षीचा आहे.

राहता राहिला तो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : संशोधनाची दिशा बाजाराला उत्तम कळते. बाजाराला मागणी कळते, आणि मागणी म्हणजे गरज अधिक पैसा. पैसा वजा झाला की गरज कितीही तीव्र असो, ती बाजाराला दिसत नाही. १९७५ ते १९९९ या २५ वर्षांत जगात १,३९३ नवी औषधे आली. त्यांपैकी उष्ण कटिबंधातील रोग आणि क्षय यांच्यासाठी मिळून फक्त १६ होती. निद्रारोग हा त्यांतलाच एक. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीच्या चाव्यातून तो पसरतो, परजीवी मेंदूत शिरतात, माणूस भ्रमिष्ट होतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, आणि उपचार न झाल्यास बहुधा मरतो. वाढलेल्या रोगावर अनेक दशके मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकयुक्त औषध देत असत. ते ज्या द्रावणात मिसळावे लागे ते प्लास्टिकची सिरिंज खराब करी, म्हणून काचेची वापरावी लागे. शिरेत जाताना त्याची आग होई, आणि सुमारे ५ टक्के रुग्ण रोगाने नव्हे तर औषधानेच दगावत.

त्याहून कितीतरी सौम्य असे एफ्लोर्निथिन हे औषध १९९० मध्ये निद्रारोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले होते. रुग्ण गरीब, म्हणून नफा नव्हता, आणि १९९० च्या दशकात उत्पादकाने ते बनवणे थांबवले. पुढे तोच रेणू त्वचेवर लावल्यास केसांची वाढ मंदावते असे दिसून आले, आणि २००० मध्ये तो स्त्रियांच्या चेहऱ्यावरची नको असलेली लव कमी करणारे क्रीम म्हणून श्रीमंत देशांच्या बाजारात आला. हा कुणा दुष्ट माणसाचा कट नव्हता. बाजाराने त्याच्या नियमाप्रमाणे अचूक काम केले. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि सीमारहित डॉक्टरांची संघटना यांनी आग्रह धरल्यावर निद्रारोगासाठीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर जे झाले ते या सगळ्या वादाला धरून आहे. २००३ मध्ये दुर्लक्षित रोगांवरील औषधांसाठी एक ना-नफा संस्था स्थापन झाली, तिला अनेक सरकारांनी आणि दात्यांनी पैसा दिला, आणि तिने जुन्या रेणूंची छाननी सुरू केली. त्या छाननीत फेक्सिनिडॅझोल सापडले. हा रेणू एका जर्मन कंपनीने १९७० च्या दशकात शोधून अर्ध्यावर सोडून दिलेला होता. काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक येथे चाचण्या झाल्या, एका मोठ्या खासगी औषध कंपनीने उत्पादनाची बाजू सांभाळली, आणि २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. दहा दिवस तोंडाने घ्यायच्या गोळ्या. रेणू कंपनीनेच शोधला होता, गोळीही कंपनीनेच बनवली. मधली तीसेक वर्षे तो पडून राहिला, कारण तो पुढे न्यायचा हे ठरवणारे कुणी नव्हते.